ओल गेली की श्वास गेला

जुलैत आमच्या बोरिवलीच्या घरात टॉवेल तीन-तीन दिवस वाळत नाही. पंख्याखाली धरा, इस्त्री फिरवा, कुबट वास काही जात नाही. मिठाला पाणी सुटतं, पापड सादळतात, कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी धरते. घरात सगळे मिळून त्या दमट हवेला शिव्या घालतात. तीच हवा वर्षभर मिळावी म्हणून ज्याचा जीव टांगणीला लागलेला असतो, अशा एका प्राण्याबद्दल आज लिहायचं आहे. त्याचं नाव सॅलॅमँडर. तो मुंबईत नाही, सह्याद्रीतही नाही. तरी मुंबईकराने त्याच्याबद्दल वाचावं असं मला वाटतं. जंगल वाचवायचं म्हणजे नेमकं काय वाचवायचं, हे मला या परदेशी बोटभर जीवामुळे कळलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या वर्गात सॅलॅमँडरचा फोटो दाखवला की दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, "बाई, ही तर पाल!" चूक पोरांची नाही. चार आखूड पाय, लांब शेपूट, चपटं डोकं, दिसायला पालच. फरक कातडीत आहे. पाल, सरडा, साप यांच्या अंगावर खवले असतात. रेनकोट घातल्यासारखंच ते, फक्त इथे पाणी बाहेर जाऊ नये यासाठी. म्हणून आपली पाल मे महिन्यातही ट्यूबलाइटच्या मागे मजेत राहते. सॅलॅमँडरकडे हा रेनकोट नाही. तो बेडकाच्या गोतातला, म्हणजे उभयचर. उघडी, मऊ, कायम ओलसर कातडी हीच त्याची ओळख.

उभयचरांच्या आज तीन शाखा आहेत. उड्या मारणारे बेडूक-भेक आपल्या ओळखीचे. शेपूट असलेले ते सॅलॅमँडर आणि त्यांचे भाऊबंद न्यूट. आणि तिसरी शाखा बिनपायाची, मातीत राहणारी. तिला मराठीत देवगांडूळ म्हणतात. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे, कारण ती आपल्या घरची आहे. भारतात सॅलॅमँडर पाहायचा तर दार्जिलिंगच्या डोंगरात किंवा ईशान्येत जावं लागतं. दार्जिलिंगजवळ जोरपोखरी नावाचं एक छोटंसं अभयारण्य तर त्याच्यासाठीच राखलेलं आहे.

पाठ्यपुस्तकात उभयचरांची व्याख्या असते: पाण्यात आणि जमिनीवर, दोन्हीकडे राहणारे. ही व्याख्या मी वर्षानुवर्षं शिकवली आणि ती अर्धवट आहे हे मला फार उशिरा कळलं. जगात सॅलॅमँडरच्या साधारण ८०० जाती आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त एकाच कुळातल्या, प्लेथोडॉन्टिडी. बहुतेक सगळ्या अमेरिका खंडांत. थोड्या इटलीच्या बाजूला, आणि एक थेट कोरियात, जी २००५ साली उजेडात आली. या कुळातल्या कितीतरी जाती जन्मभर तळ्यात किंवा ओढ्यात पाय घालत नाहीत. अंडी जमिनीवर, ओल्या फटीत किंवा कुजक्या ओंडक्यात. मादी अंड्यांपाशी बसून राहते. अंड्यातून शेपटीवाला मासोळीसारखा पोहणारा जीव बाहेर येत नाही. इवलासा तयार सॅलॅमँडरच बाहेर येतो.

आणि या कुळाला फुप्फुसं नाहीत.

हे वर्गात सांगितलं की दोन मिनिटं गोंधळ होतो. कल्ले आहेत का? मोठेपणी जमिनीवर राहणाऱ्यांना तेही नाहीत. मग श्वास? कातडीतून, आणि थोडा तोंडाच्या आतल्या अस्तरातून. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की अंड्यातल्या गर्भात फुप्फुसाचा कोंब फुटतो, काही दिवस वाढतो आणि मग जिरून जातो. कोट्यवधी वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या अवयवाचा आराखडा शरीरात अजून शिल्लक आहे. फुप्फुसं कशामुळे गेली, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहेत. ती गेल्याने एक फायदा मात्र झाला. बेडूक गळा खालीवर करून हवा आत ढकलतो. गळ्यातली हाडं-स्नायू त्या कामाला जुंपलेले असतात. फुप्फुसंच नाहीत म्हटल्यावर ही यंत्रणा मोकळी झाली आणि या कुळातल्या काही जातींनी तिची जीभ फेकण्याची गलोल करून टाकली. डोळ्याचं पातं लवायच्या आत किडा तोंडात.

आता कातडीतून श्वास म्हणजे काय, ते नीट पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हवेतला प्राणवायू कोरड्या पडद्यातून सहजी आत जात नाही. तो आधी ओलाव्यात विरघळतो आणि मग खालच्या केसासारख्या रक्तवाहिन्यांत उतरतो. आपल्याही फुप्फुसांचं आतलं अस्तर ओलंच असतं. आपण ती ओल छातीच्या पिंजऱ्यात जपून ठेवली आहे, सॅलॅमँडरने ती अंगावर पांघरली आहे. पण अंगावर पांघरलेलं ओलं फडकं वाळतं. प्राणवायू आत यायला कातडी ओली आणि पातळ हवी. आणि कातडी ओली व पातळ असली की पाणी बाहेर उडून जातं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यात जीव लहान. ओला रुमाल चादरीच्या आधी वाळतो, तसा लहान प्राणी मोठ्याच्या आधी सुकतो. म्हणून हवा कोरडी होऊ लागली की हे सॅलॅमँडर अंगाचं वेटोळं करून बसतात. रुमालाची घडी घातली की वाळायला वेळ लागतो, तोच हिशोब.

म्हणजे यांच्या बाबतीत तहान आणि गुदमरणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. कातडी सुकली की दम कोंडला.

यावरून त्याचा दिनक्रम आपोआप ठरतो. दिवसा बाहेर पडायचं नाही. रात्री, पाऊस पडत असताना किंवा पडून गेल्यावर निघायचं. मुंग्या, भुंगेरे, कोळी, गांडुळं जे मिळेल ते खायचं. नाकपुडीपासून वरच्या ओठापर्यंत दोन सूक्ष्म पन्हळी असतात. नाक जमिनीला टेकवत टेकवत चाललं की जमिनीचा वास त्या पन्हळींतून वर चढतो. उजाडायच्या आत पुन्हा पानांखाली. जंगलात रोज फिरणाऱ्या माणसालाही यामुळे हा प्राणी वर्षानुवर्षं दिसत नाही.

दिसत नाही म्हणजे कमी आहे असं नव्हे. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात हबर्ड ब्रूक नावाचं संशोधनासाठी राखलेलं जंगल आहे. तिथे १९७५ साली दोन शास्त्रज्ञांनी सगळ्या सॅलॅमँडरांच्या वजनाचा अंदाज काढला. ते वजन त्याच जंगलातल्या पक्ष्यांच्या, तेही विणीच्या ऐन हंगामातल्या पक्ष्यांच्या, वजनाच्या सुमारे दुप्पट भरलं. उंदीर-चिचुंद्र्यांएवढंच साधारण. पक्षी आणि उंदीर खाल्लेल्यातलं बहुतेक अंग गरम ठेवण्यात जाळतात; थंड रक्ताचा सॅलॅमँडर ते अंगी लावतो. पानांखालच्या किड्यांचं मांस होतं आणि त्यावर साप, पक्षी, चिचुंद्र्या जगतात. आपण झाडावरच्या पक्ष्याकडे दुर्बीण लावून उभे असतो आणि त्याहून भारी वजन आपल्या बुटाखालच्या पाचोळ्यात झोपलेलं असतं.

आता एका विशिष्ट जातीकडे येते. न्यू मेक्सिको राज्यात हेमेझ नावाचे डोंगर आहेत. एका जुन्या ज्वालामुखीच्या तोंडाभोवतीचे. ज्या लॉस अलामोसमध्ये पहिला अणुबॉम्ब तयार झाला, ते गाव याच डोंगरांच्या कुशीत आहे. खाली रखरखीत वाळवंटी मुलूख आणि वर, साधारण २,१०० मीटरच्या पुढे, थंड सूचिपर्णी जंगल. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, यावरून उंचीचा अंदाज घ्या. या डोंगरांवर, आणि पृथ्वीवर दुसरीकडे कुठेही नाही, असा एक फुप्फुसं नसलेला सॅलॅमँडर राहतो. सडपातळ, तपकिरी, पाठीवर पितळेचा चुरा भुरभुरावा तशी बारीक चमक. १९५० साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं. सप्टेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्याला संकटग्रस्त जाहीर केलं आणि त्याच वर्षी सुमारे ९० हजार एकर जागा त्याचा अत्यावश्यक अधिवास म्हणून आखून दिली.

मला या प्राण्याची गोडी लागली ती एका शब्दामुळे. तिथेही पावसाळ्याला मान्सूनच म्हणतात. जुलै ते सप्टेंबर. अर्थात आपल्याकडे एकट्या जुलैत जेवढा कोसळतो तेवढा तिथे वर्षभरातही होत नाही, पण या जीवाला तेवढा पुरतो. वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीच्या पोटात असतो. दगडांच्या फटी, जुन्या मुळांनी केलेल्या पोकळ्या, उंदरांची बिळं. मान्सून आला, वरची माती भिजली, की तो वर येतो. खाणं-पिणं, फिरणं, जोडीदार शोधणं, जे काही करायचं ते या अडीच-तीन महिन्यांत. वर आल्यावर त्याचा मुक्काम कुठे, तर पडलेल्या झाडाच्या कुजक्या ओंडक्यात किंवा त्याखाली, दगडांखाली, सालींच्या ढिगात.

या ओंडक्याचं मोल कळायला हवं. उभं झाड म्हणजे लाकूड. पडून वीस-तीस पावसाळे खाल्लेलं झाड म्हणजे स्पंज. बुरशी आणि किडे आत पोकळ्या करतात, लाकूड भुसभुशीत होतं, पाऊस पितं आणि तो घोट-घोट सोडतं. बाहेर चार दिवस ऊन पडलं तरी आत गारवा आणि ओल टिकते, मडक्यात टिकते तशी. लाकूडतोड्याच्या लेखी तो कचरा असतो.

२६ जून २०११ रोजी त्या डोंगरात एक झाड विजेच्या तारेवर पडलं आणि वणवा पेटला. पहिल्या चोवीस तासांत ४० हजारांहून जास्त एकर जळून गेले आणि आग विझेपर्यंत दीड लाखाहून जास्त. आपलं बोरिवलीचं नॅशनल पार्क साधारण १०४ चौरस किलोमीटर; ते एकामागून एक सहा वेळा जाळलं तर तेवढं क्षेत्र होईल. त्याआधी मे २००० मध्ये तिथेच आणखी एक मोठी आग लागली होती. ती तर वनव्यवस्थापनासाठी मुद्दाम लावलेली छोटी आग होती; हातातून सुटली आणि लॉस अलामोसमधली शेकडो कुटुंबं बेघर झाली.

इथे कुणालाही वाटेल, आगीत सॅलॅमँडर होरपळले असतील, म्हणून संकटात. गंमत अशी की जूनच्या अखेरीस, मान्सूनच्या आधी, ते बहुतेक सगळे जमिनीखाली असतात. त्यांच्यासाठी खरी आपत्ती आग विझल्यावर सुरू होते. जुलैचा पाऊस पडतो, ते सवयीने वर येतात आणि वर छत नसतं. झाडांची सावली गेलेली, ओंडके राख झालेले, पाचोळा नाही. भयंकर तापलेल्या जमिनीवर मेणचट थर धरतो, त्यामुळे पाणी मुरायच्या ऐवजी वाहून जातं आणि माती घेऊन जातं. दुपारी ऊन थेट मातीवर. पाऊस तेवढाच पडला तरी ओल टिकत नाही. दोन तास बाहेर फिरता येत होतं तिथे वीस मिनिटं मिळाली, तर पोट भरणार कधी? आणि माद्या दरवर्षी अंडी घालत नाहीत. दोन-तीन वर्षांतून एकदा, तीही थोडकीच. अशा जातीला एकदा झालेलं नुकसान भरून काढणं जड जातं.

मग आग हा शत्रू का? तर नाही, आणि हा भाग मला सगळ्यात विचार करायला लावणारा वाटतो. त्या डोंगरांत पूर्वी आगी वरचेवर लागायच्या. पण त्या जमिनीलगत सरपटत जाणाऱ्या, गवत आणि काटक्या खाऊन पुढे सरकणाऱ्या. मोठी झाडं, जाड ओंडके त्यातून वाचत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला रेल्वे आली, मेंढरांचे कळप आले, त्यांनी गवत फस्त केलं. गवत नाही म्हणून छोट्या आगी थांबल्या. पुढे वनखात्याने दिसेल ती आग विझवण्याचं धोरण धरलं. शंभर वर्षं जंगल न जळता दाटत गेलं, खाली काडीकचरा साठत गेला, बारीक झाडं दाटीवाटीने उगवली. त्या दाटीत एकदा ठिणगी पडली की ज्वाळा शेंड्यापर्यंत चढते. म्हणजे जंगल वाचवण्याच्या चांगल्या हेतूनेच मोठ्या वणव्याचं सरण रचलं गेलं. आता तिथे झाडांची दाटी कमी करायची, थंडीत छोट्या आगी लावायच्या, असं काम चालतं. त्यातही पेच आहेच: विरळणीसाठी आणलेली अवजड यंत्रं माती दाबून टाकतात, फटी बुजवतात आणि सावली कमी झाली की ओल पुन्हा घटते. औषधाची मात्रा ठरवणं सोपं नाही.

वाचताना मला आठवली ती कोकणातली राब भाजणी. पाऊस येण्याआधी पातेरा, शेण, टहाळ पसरून तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जागा भाजायची. तीही आगच, पण वाफ्यापुरती, माणूस उभा असतो, संध्याकाळी विझते. आमच्या डोंगराला फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतो तो वणवा वेगळा. नॅशनल पार्कात आणि आरेच्या बाजूलाही उन्हाळ्यात धूर दिसतो. वनखातं त्यासाठी आधीच जाळरेषा काढून ठेवतं.

आगीशिवाय दुसरं एक संकट आहे, ते थोडक्यात. उभयचरांच्या कातडीवर वाढणारी कायट्रिड नावाची बुरशी. एका प्रकाराने जगभरात बेडकांच्या शेकडो जातींना झोडपलं, त्यातल्या ९० च्या आसपास जाती नामशेष झाल्याचं मानलं जातं. दुसरा प्रकार २०१३ साली नेदरलँड्समध्ये ओळखला गेला, आणि त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच "सॅलॅमँडर खाणारी" असा आहे. तिथल्या पिवळ्या-काळ्या फायर सॅलॅमँडरांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त त्यापायी गेले. ही बुरशी मूळची आशियातली. हौसेसाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या व्यापारातून ती युरोपात पोचली. धास्ती घेऊन अमेरिकेने जानेवारी २०१६ मध्ये सॅलॅमँडरच्या २०१ जातींच्या आयातीवर बंदी घातली. माणसाला नायटा झाला तर खाज सुटते. ज्याची कातडी हेच फुप्फुस, त्याला नायटा म्हणजे न्यूमोनिया. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक मूल्यमापनात उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात असल्याचं आढळलं आणि सॅलॅमँडरांमध्ये हेच प्रमाण ६० टक्के निघालं. इतका वाईट आकडा उभयचरांच्या इतर दोन शाखांचा नाही.

आता घरी येते. देवगांडूळ.

सावंतवाडीकडे आमचं गाव आहे. एका पावसाळ्यात काकू शेणखताचा खड्डा उकरत होती आणि एकदम ओरडली, "जनावर! जनावर!" कोकणात सापाला जनावरच म्हणतात. चुलतभाऊ काठी घेऊन धावला. फावड्याच्या टोकाशी वीतभर लांब, जांभळट राखाडी, चकचकीत काहीतरी वळवळत होतं. शेजारचे आजोबा सावकाश वाकले, पाहिलं आणि म्हणाले, "जनावर नाय ता. देवगांडूळ." मी जवळ जाऊन बसले. अंगावर गांडुळासारखी वळी, पण तोंड उघडलं तेव्हा जबडा दिसला. डोळे असून नसल्यासारखे, कातडीखाली गेलेले ठिपके. आत पाठीचा कणा, तोंडात बारीक सुईसारखे दात. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक सूक्ष्म स्पर्शिका असते, मातीत वास-चव घ्यायला. ती मात्र मला तेव्हा दिसली नाही, कारण अशी काही असते हेच माहीत नव्हतं. मिनिटाभरात ते डोकं खुपसून शेणमातीत नाहीसं झालं.

बेडूक आणि सॅलॅमँडर यांचं हे तिसरं भावंड. याला फुप्फुस असतं, पण कातडी तीच: ओली, उघडी, श्वासाला मदत करणारी. आणि महाराष्ट्र या बाबतीत श्रीमंत आहे. मुंबईहून पुण्याला जाताना ज्या खंडाळ्याच्या घाटात आपण वडापाव खातो, त्या खंडाळ्यातून देवगांडुळाची एक जात १९६० साली जगापुढे आली. २००३ साली आंबोलीतून एक नवी जात नोंदली गेली. तिला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जे. सी. डॅनियल यांचं नाव दिलं. पुढच्याच वर्षी कोयनेजवळच्या हुंबरळीतून आणखी एक, आणि तिच्या नावातच महाराष्ट्र आहे. एकविसाव्या शतकात, रस्त्यालगतच्या गावांतून. ती नवी नव्हती, आपणच कधी दगड उचलून पाहिला नव्हता.

काही जातींच्या माद्या मातीत अंडी घालतात आणि त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसतात. अंडी ओली राहायला हवीत. पुन्हा तेच. न्यू मेक्सिकोचा डोंगर असो की सह्याद्री, या सगळ्या गोताचा पत्ता एकच: मातीची वरची वीतभर ओल.

हे डोक्यात बसलं आणि मग मला मुंबईतल्या झाडांवरचे वाद वेगळे दिसायला लागले. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी एका रात्रीपासून दोन हजारांहून जास्त झाडं पडली. बाजू घेऊन लोक भांडले, अजून भांडतात. मेट्रोने मीही जाते, तेव्हा शहाजोगपणा करत नाही. पण दोन्हीकडच्या बोलण्यात आकडा होता तो झाडांचा. इतकी तोडली, इतकी लावणार, इतकी उचलून दुसरीकडे नेऊन लावली. झाड मोजता येतं, त्याला नंबराची पट्टी ठोकता येते. त्याखालचा पाचोळा, पडलेला ओंडका, वारुळाच्या कडेची भुसभुशीत माती यांना नंबर नसतो. दुसऱ्या जागी लावलेलं रोप दहा वर्षांत सावली देईलही. त्याखाली कुजक्या ओंडक्याची ओल धरायला एका माणसाचं आयुष्य लागेल. आरेच्या नावाचा एक विंचूसुद्धा आहे. २०१० साली तिथूनच त्याची नोंद झाली. झाडाची साल आणि तिच्या फटी हे त्याचं घर. ते घर कुणाच्या पंचनाम्यात येतं?

पावसाळ्यात हल्ली रात्री टॉर्च घेऊन बेडूक पाहायला जाणारे बरेच गट झाले आहेत. चांगलंच आहे. दोन गोष्टी सांगते. हातावर सॅनिटायझर, डासांचं मलम किंवा साबण असेल तर बेडकाला हात लावू नका. तुमच्या हातावरचं सगळं त्याच्या कातडीतून थेट रक्तात जातं. आणि दगड किंवा ओंडका उचलून पाहिलात तर जसा होता तसाच, त्याच खळग्यात, अलगद परत ठेवा. उलटा टाकून दिलेला ओंडका म्हणजे छप्पर उडालेलं घर.

आमच्या सोसायटीत करंजाची सात मोठी झाडं आहेत. जानेवारी ते मार्च त्यांची पानं पडतात आणि इतकी वर्षं ती रोज झाडून, मागच्या भिंतीशी ढीग करून पेटवली जायची. धुराने खोकला यायचा, तक्रार व्हायची, पुन्हा पेटवायचे. दोन वर्षांपूर्वी मी मीटिंगमध्ये म्हटलं, पंपरूमच्या मागची जागा द्या, पानं तिथे कुजू देत. "मॅडम, साप येतील," असं सेक्रेटरी म्हणाले. डास येतील, असं दुसरे म्हणाले. डास साचलेल्या पाण्यात होतात, पानांत नाहीत, एवढं एक वाक्य मी तीन मीटिंग बोलले. शेवटी दहा बाय सहाचा कोपरा मिळाला, तोही प्रायोगिक तत्त्वावर.

पहिल्या वर्षी तो नुसता ढीग होता. दुसऱ्या पावसाळ्याआधी काठीने (हाताने नाही, विंचूकाट्याची जागा ती) बाजूला करून पाहिलं तेव्हा थर स्पष्ट झाले होते. वर खडखडीत तपकिरी पानं. त्याखाली एकमेकांना चिकटलेली, पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांनी शिवल्यासारखी. त्याखाली पान ओळखूच येत नव्हतं, काळा चहाच्या चोथ्यासारखा भुगा, आणि तो मे महिन्यात गार होता. शेजारची फरसबंदी त्या वेळी अनवाणी पाय ठेवता येऊ नये इतकी तापलेली. दोन्हींत अंतर हातभर.

गेल्या जुलैत पावसाची एक सर येऊन गेल्यावर नववीतली तीन मुलं टॉर्च घेऊन आली. शेजारच्याच इमारतीतली, "पाल" म्हणणारा त्यांतच होता. पंपरूमची मोटर घरघरत होती, कुणाच्या तरी घरी टीव्हीवर मालिका चालू होती. पाच-सात मिनिटं काहीच दिसलं नाही. मग करंजाच्या एका ओल्या पानाच्या कडेवर नखाएवढा बेडूक दिसला, मातीच्याच रंगाचा, अंग चकाकणारं. गळा भराभर खालीवर होत होता. मुलांनी टॉर्च बाजूला वळवला, नुसत्या उजेडाच्या कडेत त्याला ठेवला आणि कुजबुजत गळ्याचे ठोके मोजायला सुरुवात केली. त्रेसष्टपर्यंत पोचली होती, तेवढ्यात वॉचमन काका "काय हरवलं?" म्हणत आले आणि तो पानाखाली गेला.